शेवटच्या पानाची मागची बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मला स्कॅनिंगवर बसवलं. निवृत्तीला सात महिने उरले असताना हे नवं लचांड. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये तेहेतीस वर्षं ज्या फायली सांभाळल्या, त्याच आता यंत्राला खाऊ घालून लगद्याच्या कारखान्यात पाठवायच्या. जागा हवी आहे म्हणे. जुन्या निकाली खटल्यांची बावीस रॅक आहेत. मॅडम, म्हणजे आमच्या नव्या अधिकारी, म्हणाल्या की तुमच्याइतकं या फायलींना कोण ओळखतं. गोड बोलून काम गळ्यात मारायची ही रीत मला चांगली ठाऊक आहे, पण नाही म्हणवलं नाही. घरी तरी कोण वाट बघत बसलंय. ही गेली त्याला चार महिने होतील.

यंत्र दोन तऱ्हांनी काम करतं. वर फीडर आहे, त्यात पानांची चळत ठेवली की एकेक पान ओढून दोन्ही बाजू टिपतो, मिनिटाला चाळीस. खाली काच आहे, तिच्यावर एकेक पान हातानं ठेवायचं. फाटकं पान फीडरमध्ये गेलं तर चिंध्याच बाहेर येतात. म्हणून आधी डागडुजी झालेली एकोणीस रॅक घ्यायची ठरली. ती सगळी हिच्या हातची. माझी बायको याच कोर्टात बाइंडर होती, खालच्या मजल्यावर. फाटलेल्या कडांना खळ लावून कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ कागद चिकटवायचा, पानं दाबून सरळ करायची, मग फाईल नव्यानं शिवायची. अठरा वर्षांत एकोणीस रॅक झाली. तीन राहिली.

ही डायरी कपाटात कोरी पडली होती. यंत्राचे आकडे लिहायला म्हणून घेतली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली फाईल एकशे दहा पानांची. स्कॅन झाली, चढवायला गेलो तर यंत्रणा नको म्हणाली. एका फाईलला दहा एमबीची मर्यादा आणि माझी चौऱ्याऐंशीची. तीनदा प्रयत्न केला, तीनदा लाल पाटी.

संगणकवाल्याला बोलावलं. हा माणूस सगळ्यांना पहिलीतलं पोर समजून बोलतो, पण समजावतो बरं. त्याचं म्हणणं असं की यंत्राला मजकूर वगैरे काही कळत नाही, ते ठिपके मोजतं. एका इंचात तीनशे ठिपके घेतले आणि ते सहाशे केले, तर फाईल दुप्पट नाही, चौपट होते, कारण आडवेही वाढतात आणि उभेही. रंगीत ठिपक्याला तीन आकडे साठवावे लागतात, करड्याला एक. नुसत्या काळ्या-पांढऱ्याला तर हो किंवा नाही एवढंच. मग यंत्र ते दाबून बसवतं. सलग पांढरी जागा चटकन दाबली जाते. डाग, सुरकुत्या, पिवळेपणा दाबला जात नाही. म्हणजे ज्या पानावर कोणी चहा सांडलाय ते निकालपत्रापेक्षा जड. तेहेतीस वर्षांत हे ज्ञान कोणी दिलं नव्हतं.

काळं-पांढरं केलं, इंचाला तीनशे ठेवले. चौऱ्याऐंशीची फाईल दहा पूर्णांक चारवर आली. आता पॉइंट चारसाठी घोडं अडलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घोडं सुटलं, आणि ते मी सोडवलं. संगणकवाल्यानं नाही.

या फायलींत लिहिलेलं सगळं पुढच्या बाजूला असतं, मागची बाजू कोरी. पण फीडर इमानदारीत दोन्ही टिपतो. एक कोरी बाजू चार-पाच केबीची, अशा एकशे दहा झाल्या की अर्धा एमबी. यंत्रात एक सोय सापडली: अमुक केबीपेक्षा हलकं पान कोरं समजून गाळून टाक. मी सहा केबी लावले. फाईल नऊ पूर्णांक नऊ. चढली.

मॅडमनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. संगणकवाला म्हणाला, काका, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घरी येऊन सांगायला तोंड उघडलं आणि मग बंद केलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सात रॅक झाली. शिवण कापायला दोघी जणी दिल्या आहेत, आणि गाडीवाली आहेच. ही बाई गेली चौदा वर्षं ढकलगाडीवरून फायली इकडून तिकडे नेते. बोलते कमी. फायली कारखान्याच्या ट्रकमध्ये चढताना ती बाजूला उभी होती, तोंड पाडून. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, बाईंची शिवण आहे, म्हणजे हिची. मी म्हटलं, शिवण घेऊन काय करायचंय, सगळं आत उतरलंय आता.

हिच्या कामाची तारीफ करायला हवी. एकही पान फीडरमध्ये अडकलं नाही.

२३ मार्च, रविवार

लेक दोन दिवस येऊन गेली. ती लांबच्या गावी दवाखान्यात नर्स आहे. आईच्या आजारापासून तिच्या मनानं एकच घेतलंय, की मी रोज दुसऱ्यांच्या आयांना तपासते आणि माझ्या आईचं मला कळलं नाही. हिनं डॉक्टरला सांगितलं होतं की पाठ जूनपासून दुखतेय. ऑगस्टमध्ये निदान झालं, ऑक्टोबरात संपलं. डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर आधी आला असतात तर. लेकीनं हे वाक्य धरून ठेवलंय. मी तिला सांगतो, अगं तिनं कोणाला सांगितलंच नाही तर कळणार कसं.

काल सबंध दिवस तिनं घर उपसलं. आईच्या हातचं लिहिलेलं काहीतरी हवं होतं. एक ओळ मिळाली तरी चालेल म्हणाली. काही नाही निघालं. ही याद्या करायची त्या स्वयंपाकघरातल्या पाटीवर, आणि सामान आलं की पुसायची. पत्र कोणाला लिहायची? फोनवर बोलायची. पेन्शनच्या कागदांवर सही सापडली, तीही आखडलेली, चौकटीत बसवलेली.

बस सुटायच्या आधी लेक म्हणाली, "बाबा, मला आईचं अक्षर आठवेनासं झालंय. तुम्हाला आठवतं का कसं होतं?"

मी हो म्हटलं. मला आठवत नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

सकाळी अंघोळ करताना एकदम डोक्यात आलं, आणि तसाच ओल्या केसांनी ऑफिसला निघालो.

बाइंडरांचा एक नियम आहे. डागडुजी झाली की काय केलं ते शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचं. कोणती पानं चिकटवली, शिवण कुठे घातली, तारीख. तेही पेन्सिलीनं, आणि हलक्या हातानं, कारण शाई पानात उतरते आणि पुढच्या माणसाला ती काढता येत नाही. म्हणजे हिनं अठरा वर्षं, दर फाईलला, लिहिलंय. अडीच हजारांवर फायली. लेकीला एक ओळ हवी होती, मी तिला पोतंभर देणार होतो. रस्त्यात हसू येत होतं मला.

पहिली फाईल उघडली. शेवटचं पान, पुढची बाजू. त्यापुढे काही नाही. दुसरी उघडली. दहावी, चाळिसावी. सगळ्या शेवटच्या पानाच्या पुढच्या बाजूवर संपतात.

संगणकवाला आला. त्यानं पडद्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलला. फिकट पेन्सिल आणि पिवळट पान, काळं-पांढरं करताना यंत्राला फरक कळत नाही, ते सगळं पांढरं धरतं. राहिलेच तर चार-दोन ठिपके. असं पान पाच केबीच्या आतलं. मग ते कोरं ठरतं. मग ते गळतं. मी विचारलं, परत आणता येईल का. तो म्हणाला, काका, ते साठवलंच नाही, आणायचं कुठून.

कारखान्याला फोन केला. एकोणीस रॅकचा शेवटचा ट्रक गेल्या बुधवारी पोचला. बुधवारचा माल गुरुवारी लगदा होतो.

दर फाईलमागे अर्धा एमबी वाचला.

२७ मार्च, गुरुवार

उरलेली तीन रॅक हातानं तपासली, दर फाईलचं शेवटचं पान उलटून. मागं काही नाही. असणार कसं, तीन रॅकना हिचा हात लागलाच नव्हता. नीट केलेल्या फायली यंत्राला सोप्या म्हणून आधी गेल्या. तिनं जेवढं चांगलं केलं तेवढं लवकर संपलं. फाटकं तेवढं उरलंय.

खालच्या मजल्यावर तिच्या टेबलाच्या खणात एक अर्धवट फाईल सापडली. पान चौतीसपर्यंत चिकटवलेली, पुढची तशीच. तिच्यावरही नोंद नाही. काम पुरं झाल्याशिवाय नोंद करायची नसते, हाही नियमच आहे.

संध्याकाळी लेकीचा फोन. काही मिळालं का? मी म्हटलं शोधतोय, ऑफिसात असेल. खोटं तोंडातून सहज निघालं.

१ एप्रिल, मंगळवार

जेवण जात नाही. मॅडमनी बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना. सगळं सांगितलं. त्या मर्यादा वाढवायला तयार झाल्या, उरलेली तीन रॅक रंगीत करा म्हणाल्या, दोन्ही बाजू ठेवा. चांगल्या आहेत बिचाऱ्या. त्या तीन रॅकमध्ये माझं काय आहे?

लेकीचे दोन फोन घेतले नाहीत.

एक गोष्ट लिहून ठेवतो. फायली तिच्याकडून माझ्याच टेबलावर यायच्या. मी पानं मोजायचो. शेवटच्या पानावरचा आकडा जुळला की फाईलच्या पहिल्या पानावर लावलेल्या चिठ्ठीवर ‘परत मिळाली’ म्हणून सही. मोजायला मागची बाजू लागत नाही. त्यामुळे ते लिहिलेलं मी कधी वाचलं असं नाही. आणि वाचायचं काय, खळ आणि दोरा.

४ एप्रिल, शुक्रवार

आज गाडीवाली आपणहून टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, बाईंचं लिहिलेलं गेलं असं ऐकलं, खरं का. मी मान हलवली. ती बसली. चौदा वर्षांत माझ्यासमोर बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

तिनं सांगितलं ते असं. ती शाळेत दोन वर्षंच गेलेली. अक्षरं ओळखायची, पण जोडून वाचता यायचं नाही. खालून वर गाडी आणताना वळणावर थांबायची आणि बाईंनी मागं काय लिहिलंय ते लावत बसायची. तेच तेच शब्द असायचे, त्यामुळे हळूहळू लागायला लागले. घरी जाऊन पाटीवर ते तसंच्या तसं काढायची. वर्षभरानं बाई जरा मोठ्या अक्षरात लिहायला लागल्या. "त्यांना कळलं असणार," ती म्हणाली. "बोलल्या नाहीत कधी."

मी म्हटलं, खळ आणि दोऱ्याच्या नोंदी वाचून वाचायला शिकलात म्हणजे कमालच आहे.

ती म्हणाली, तेवढंच नसायचं. खाली आणखी एखादी ओळ असायची. आज खिडकी रंगवली. आज लेकीचा निकाल लागला, पास झाली. सकाळी उगाच भांडण झालं, डबा न घेता गेले. गाडीवालीला वाटायचं, बाई हे साहेबांसाठीच लिहितात, समोर बोलायला लाजत असतील. "मी फाईल पोचवून खाली गेले की विचारायच्या, साहेब काही म्हणाले का. मी सांगायची, सही केली."

ही आपल्या कामाबद्दल काटेकोर होती हे मला माहीत होतं. पण दरवेळी विचारायची, म्हणजे डागडुजी मला पसंत पडते का याची तिला एवढी काळजी होती. कधी एकदा तरी चांगली झाली म्हणून सांगायला हवं होतं.

५ एप्रिल, शनिवार

कालचं वर लिहिलेलं आत्ता वाचलं. काय लिहिलंय मी हे. ती कामाबद्दल विचारत नव्हती.

७ एप्रिल, सोमवार

गाडीवालीला म्हटलं, जेवढं आठवतं तेवढं लिहून द्याल का. तिनं विचारलं, कशावर लिहू. मी कोरा कागद दिला आणि पेन पुढे केलं. तिनं पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिल मागितली.

ती माझ्या टेबलावर वाकून सावकाश लिहीत होती आणि मी समोरून उलटं बघत होतो. तिसऱ्या ओळीला मी उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. शब्द संपल्यावरही थोडी पुढे ओढलेली शिरोरेघ, टोकाला किंचित खाली उतरलेली. ळ ची गाठ सैल. हे मला आठवत नव्हतं, आणि बघताक्षणी आठवलं. पाटीवरच्या याद्या अशाच असायच्या. या बाईला लिहायला दुसऱ्या कोणी शिकवलंच नाही, त्यामुळे तिच्याकडे दुसरं वळणच नाही.

नऊ ओळी आठवल्या. सातवी अशी होती: पान ४१ ते ६० चिकटवली, शिवण नवी घातली, पाठ फार दुखते. मी विचारलं, ही केव्हाची. तारीख आठवत नाही म्हणाली, पण लिफ्ट बंद होती तेव्हाची, ही फाईल तिनं जिन्यानं डोक्यावरून आणली होती. मग म्हणाली, पाठीचं तेव्हापासून बऱ्याचदा असायचं.

लिफ्टच्या दुरुस्तीची नोंद माझ्याच रजिस्टरला आहे. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी, मे आणि जून. हिनं डॉक्टरला सांगितलेल्या जूनच्या आधी एक पूर्ण वर्ष.

९ एप्रिल, बुधवार

कागद काचेवर ठेवून स्कॅन केला. रंगीत, इंचाला सहाशे ठिपके, फारसं न दाबता. एक पान, एकेचाळीस एमबी. मेल घेईना. संगणकवाला म्हणाला, करडं करून जरा दाबू, दोनवर येईल, वाचायला काही फरक पडणार नाही. मी नको म्हटलं.

दोन दिवस एकच विचार चाललाय. सातवी ओळ कापून उरलेली पाठवता येईल. किंवा सगळंच देऊन आईचं म्हणता येईल, लेकीला शंका येणार नाही. तिचं समाधान होईल आणि माझी सुटका. कोणाचं काय बिघडेल?

१३ एप्रिल, रविवार

लेकीकडे जाऊन आलो. कागदच घेऊन गेलो, पाकिटात घालून. तिची खोली लहान आहे, एकच खुर्ची. ती मला दिली आणि स्वतः पलंगावर बसली.

तिनं कागद उघडला आणि तोंडावर हात ठेवला. "आईचं." मग बराच वेळ रडली. मी बघत बसलो. त्या वेळी गप्प राहिलो असतो तर निभलं असतं.

सांगितलं सगळं. सहा केबीपासून ट्रकपर्यंत आणि गाडीवालीच्या पाटीपर्यंत, काही गाळलं नाही. हे अक्षर आईचं नाही, पण आईकडूनच आलेलं आहे, हेही सांगितलं. ऐकताना ती कागदावरून बोट फिरवत होती, त्या पुढे ओढलेल्या रेघांवरून. मग बोट सातव्या ओळीवर थांबलं. ही केव्हाची, तिनं विचारलं. मी लिफ्टचं सांगितलं. तिनं मनात हिशोब केलेला मला दिसला. त्या मे महिन्यात ती सुट्टीवर घरीच होती, पण आईनं तिलाही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नाही, असं मी तिला सहा महिने ऐकवत होतो.

"या फायली तुमच्या टेबलावर यायच्या ना, बाबा?"

मी हो म्हटलं.

"सगळ्या?"

सगळ्या, मी म्हटलं. प्रत्येक फाईलवर माझी सही आहे, शाईची, आणि ती स्कॅनमध्ये स्वच्छ दिसते.